गाडी उचलायची की चाकोरी बुजवायची?



गेल्या काही हंगामांत आपल्या भागात एक नवे खूळ शिरले आहे. पोरगा बँकेचे कर्ज काढून पिकअप घेतो. दोन महिने होतात न होतात तोच ती गाडी गॅरेजात उभी राहते. मागच्या ॲक्सलवर लोखंडी ठोकळे बसतात, पाट्यांत दोन पाटे वाढतात, कंपनीचे टायर निघून त्यांच्या जागी मोठे येतात. गाडी चार बोटे वर उचलली जाते आणि गावात आली की सारे वळून पाहतात. विचारले तर उत्तर ठरलेले: "टेकते ना वावरात, म्हून उचलून घेतली."

या पोरांना आम्ही हसणार नाही. अडचण खरी आहे. पैनगंगेच्या काठची आपली काळी माती पाऊस पडला की लोण्यासारखी होते आणि उन्हात भेगाळून दगड होते. सोयाबीन काढायच्या वेळी परतीचा पाऊस, पुढे उसाला सोडलेले पाणी, उन्हाळ्यात हळदीची वाहतूक, म्हणजे वर्षातले निम्मे दिवस पांदणीत गाडीचे पोट घासते. मग माणूस उपाय शोधणारच. पण शोधलेला उपाय दुखण्यावर लागतो की भलतीकडेच, हे कर्ज फेडणाऱ्या बापाने एकदा खाली वाकून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.

खाली वाकून पाहा म्हणतो ते अक्षरशः. गाडी अडली की ती कशावर टेकली ते बघा. आपल्या पांदणीत ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात आणि मधोमध मातीचा उंचवटा राहतो. पिकअपचे जे घासते ते बहुतेक वेळा मागच्या ॲक्सलमधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल. आता हा गोळा चाकांच्या मध्ये, ॲक्सलवर आहे. ठोकळे आणि पाटे येतात ॲक्सलच्या वर. त्यांनी चेसी उचलली जाते, हौदा उचलला जातो, ड्रायव्हरची सीटही उचलली जाते; गोळा मात्र होता तिथेच राहतो. चार इंच उचला नाहीतर सहा इंच उचला, गोळ्याखाली एक सूतभरही जागा वाढत नाही.

ती जागा वाढते फक्त टायरने, आणि तीही किती? पिकअपला चालणारा एक माप आहे २१५/७५, १५ इंची रिमचा. त्याची उंची सुमारे ७० सेंटिमीटर भरते. त्याऐवजी २३५/७५ घेतला तर ७३ सेंटिमीटर. वाढ झाली ३ सेंटिमीटर, पण ॲक्सल असतो मधोमध, म्हणून तो वर गेला दीडच. दीड सेंटिमीटर म्हणजे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढेही नाही! एवढ्यासाठी चार नवे टायर आणि ते मडगार्डला घासू नयेत म्हणून गाडी उचलण्याचा खर्च. शिवाय चाक मोठे झाले की काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळते, चढावर खालचा गिअर लवकर मागते आणि क्लचवर ताण येतो तो वेगळाच.

आपल्या आजोबांना हे गणित येत होते. जुन्या बंडीचे लाकडी चाक आठवा. पुरुषाच्या छातीला लागेल एवढे उंच. ते तसे का केले होते? आख उंच राहावा आणि चाक खड्ड्यावरून सहज जावे म्हणून. उंची चाकात होती, वरच्या साटीत नव्हती. पुढे टायरची गाडी आली. कुणी तिला कंपनीच्या नावाने डनलॉप म्हणतात. तिचे चाक लहान आणि रुंद, साटी खाली. अनेक साखर कारखान्यांनी ऊसतोडीला याच टायरगाड्या दिल्या. साटी खाली असल्याने मोळी चढवायला सोपी आणि ओझे खाली असल्याने गाडी कलंडायची भीती कमी. मजुराच्या मानेचा विचार त्या गाडीत होता. आजची उचललेली पिकअप उलटे करते. ५० किलोची ३० पोती भरायची म्हटले तर प्रत्येक पोते चार इंच जास्त उचलायचे, तेही आपण नव्हे, हमालाने. वाढ्यांचे भारे टाकणाऱ्या बाया तर टाचा उंच करून भारा लोटतात. गाडीचा रुबाब त्यांच्या कंबरेतून निघतो.

आमच्याही घरात हे झाले आहे, म्हणून अधिकाराने लिहितो. धाकट्याने गाडी उचलून आणली तेव्हा आम्हीही कौतुकाने सभोवार फिरून पाहिले होते. ऑक्टोबरचे दिवस, सोयाबीनची पोती भरलेली. नाल्यात उतरताना एक बाजूचे चाक धुऱ्यावर चढले, गाडी कलली, आणि जी कलली ती सावरलीच नाही. सावकाश, बैल बसावा तशी आडवी झाली. अर्धी पोती नाल्यात गेली. एरवी पोत्यांवर दोन मजूर बसून येत. त्या दिवशी पाण्याची कॅन वावरात राहिली म्हणून ती दोघे मागे गेली होती. कॅन राहिली नसती तर हा लेख लिहायला आम्हाला तोंड नसते. मालाच्या गाडीवर माणसे बसवणे हाच मुळात गुन्हा, आणि तो आमच्याकडून रोज होत होता, हेही कबूल करतो. त्याच धुऱ्यावरून त्याच नाल्यात ती गाडी उचलण्याआधी कितीदा तरी भरून उतरली होती. दोन चाकांतले अंतर तेवढेच ठेवायचे आणि ओझे वर न्यायचे, म्हणजे दुसरे काय होणार?

नंतर एका जाणत्या मिस्त्रीने गाडी खालून दाखवली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, आणि ती आम्हाला उलटण्यापेक्षा भयंकर वाटली. बऱ्याच माल वाहणाऱ्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला एक दांडी आणि वर एक झडप असते. गाडी ओझ्याने किती दबली हे त्या दांडीवरून कळते आणि त्या मानाने झडप मागच्या चाकांना ब्रेकचा जोर सोडते. दबली तर जास्त, रिकामी तर कमी. ठोकळे टाकून चेसी वर नेली की भरलेली गाडीही त्या झडपेला रिकामी वाटते. म्हणजे दीड टन माल असताना मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे! पांदणीत हे कळत नाही. अकोला-वाशीम-हिंगोली हमरस्त्यावर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला की कळते. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून पळतो आहे. तिथल्या वेगाचा तर विचारच करवत नाही. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडून क्रॉस लवकर झिजतात. ही किरकोळ दुखणी झाली.

मग काहीच करू नये काय? तसे नाही. आधी हे ठरवा की गाडी खरोखर ठेंगणी आहे की पाटे बसले आहेत. जास्त ओझे वाहून पाटे सरळ होतात आणि गाडी मागे झुकते. अशा गाडीला नवे, कंपनीच्या मापाचे पाटे टाकले की तिची स्वतःची उंची तिला परत मिळते. हा खर्च रास्त आहे. मात्र जुनाच पाटा भट्टीत तापवून, ठोकून, वाकवून घेऊ नये. कोयत्याला पाणी देतात हे ऊस तोडणाऱ्याला सांगायला नको. पाट्यालाही तसेच पाणी दिलेले असते. भट्टीत गेला की ते जाते. आठवडाभर कमान दिसते, नंतर एक तर तो पुन्हा बसतो नाहीतर भरल्या गाडीत मोडतो. पाटे काढलेच तर यू-बोल्ट नवे घाला आणि थोडे चालवून पुन्हा आवळा. नुसते पाटे वाढवले तर रिकामी गाडी खडखड उडते आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही, हेही ध्यानात असू द्या.

टायर घ्यायचे तर उंच घेण्याऐवजी, गाडीच्या कागदात लिहिलेल्या मापातच खोल, मोकळ्या नक्षीचे घ्या. आपला चिखल चिकट आहे. बारीक नक्षी त्याने भरून जाते आणि टायर गुळगुळीत लाटणे होते. वावरात शिरताना हवा थोडी कमी करा, टायर पसरतो आणि धरून चालतो. पक्क्या रस्त्याला लागण्याआधी ती पुन्हा भरा. त्यासाठी हवेचा पंप गाडीत ठेवा. आणि सर्वांत स्वस्त उपाय कुणालाच आवडत नाही: दोन खेपा करा.

कायद्याचेही सांगून टाकतो, कारण गॅरेजवाला सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ओझे जास्त असेल तर २० हजार, वर दर जादा टनाला २ हजार. एमएच-३७ ची पाटी आहे म्हणून वाशीमच्या हद्दीत ओळखीने भागेलही. पण अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी पाहायला येतो तेव्हा त्याच्याशी आपली ओळख नसते.

आता थोडे कडू. पांदणीतली ही चाकोरी पाडली कोणी? आभाळातून तर ती पडली नाही. ओल्या रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या गच्च भरून आपणच नेल्या. धुरा नांगरता नांगरता पांदण एका गाडीपुरती आपणच केली. आणि उसाच्या सरीतले जास्तीचे पाणी रात्री कुठे सोडतो, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. कडेला चर नाही, पाणी रस्त्यात, आणि सकाळी आपणच म्हणतो, "रस्ताच नाही ना भाऊ!" वीस घरांच्या वीस गाड्या उचलायला जो पैसा गॅरेजात जातो, त्यात त्या पांदणीवर मुरूम पडून दोन्ही बाजूंना चर निघतील की नाही, याचा हिशेब एखाद्या संध्याकाळी पारावर बसून मांडून पाहावा.

पांदण कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ प्रमाणे धुऱ्यावरून वाट मागता येते. शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये सरकारने मातोश्रींच्या नावाने योजनाही काढली. मात्र पुढाऱ्याच्या मागे धावण्याआधी आपसांत धुरे मोजून घ्यावेत, कारण बहुतेक पांदणी सरकारदरबारी अडत नाहीत, भावकीत अडतात.

आमच्या पांदणीला गेल्या उन्हाळ्यात सात जणांनी मिळून मुरूम टाकला. आठवा तयार झाला नाही, म्हणून मध्ये त्याच्या वावरापुढे पन्नास पावले चिखल आहेच, आणि गाडी तिथे अजून टेकते. काढलेले ठोकळे गोठ्यात पडून आहेत. ट्रॉली उताराला उभी केली की चाकाखाली लावायला बरे पडतात.