क्लिक कुणी करायचे?

'कुकी क्लिकर' हा खेळ २०१३ मध्ये आला. पडद्यावर एक मोठे बिस्कीट असते. एक क्लिक केले की एक बिस्कीट मिळते, बाकी काही नाही! आमच्या वर्गातल्या काहींनी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून ते क्लिक संगणकालाच करायला लावले, आणि हॉस्टेलमध्ये वाद पेटला. ही फसवणूक आहे, असे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही.

एक तर हा खेळच क्लिक टाळण्याचा आहे. पंधरा बिस्किटे जमली की 'कर्सर' विकत घेता येतो आणि तो दर दहा सेकंदांनी स्वतःच क्लिक करतो. स्क्रिप्ट तेच काम जरा वेगाने करते.

"आज क्लिक चुकवणारा उद्या ड्रिल चुकवेल," असेही ऐकले. ही तुलनाच चुकीची आहे. 'पीछे मुड' शंभरदा केले की पाय बदलतात, आणि चूक झाली तर उस्तादांना लांबूनही दिसते. शंभर क्लिकनंतर बोट होते तसेच राहते, फार तर दुखते. उलट स्क्रिप्ट लिहिताना थोडे तरी डोके चालवावे लागते.

म्हैसूरच्या इन्फोसिस कॅम्पसचे आपल्या पालकांना केवढे कौतुक! त्या क्षेत्रात अशा कामाचा पगार मिळतो. वेबसाइटची बटणे हाताने पुन्हा पुन्हा दाबून तपासण्याऐवजी लोक स्क्रिप्ट लिहितात. त्यासाठी वापरले जाणारे 'सेलेनियम' जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये बनवले.

पण रांगेत दुसरा माणूस उभा असेल, तर माझे मत वेगळे आहे. सुट्टी लागली की म्हैसूर–दादर शरावती एक्सप्रेसचे तत्काळ तिकीट काढायला आई सकाळी मोबाइल घेऊन बसते. एसीचे बुकिंग दहाला उघडते, स्लीपरचे अकराला. नाव, वय, बर्थ भरेपर्यंत वेटिंग लागलेले असते, कारण कुणाची तरी स्क्रिप्ट तोच फॉर्म क्षणात भरते. तिथे बिस्किटे नसतात, कुणाच्या तरी घरी जाण्याची जागा असते. म्हणून १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी सक्तीची झाली आणि एजंटांना पहिली तीस मिनिटे बंदी आली, हे मला योग्य वाटते. वाद घालायचाच असेल तर आपण या स्क्रिप्टवर घालू. बिस्किटे मोजणाऱ्याला खुशाल मोजू द्या.