वेताळाला मराठी कोणी शिकविले?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जुनी वर्तमानपत्रे देण्याकरिता आम्ही नाहूर स्थानकाजवळच्या एका रद्दीवाल्याकडे गेलो होतो. तराजूच्या बाजूस बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यातून एका मळकट चित्रकथेचे पुस्तक डोकावत होते. मुखपृष्ठ गेलेले, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. तथापि आतील चौकटीत पांढऱ्या घोड्यावर बसलेला, डोळ्यांवर काळा मुखवटा चढविलेला वीर आम्ही तत्काळ ओळखला. तो वेताळ होता, आणि स्वच्छ मराठीत बोलत होता. आमच्यासमवेत इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी होता. त्याने दोन पाने उलटली व विचारले, "सर, हा फँटम मराठीत कसा काय बोलतो?"

प्रश्न साधा होता. परंतु घरी परतेपर्यंत त्याने आमचा पिच्छा सोडला नाही, आणि हा लेख त्याचेच फळ होय.

या वीराचा जनक ली फॉक हा अमेरिकेतील सेंट लुईस शहरचा. १९११ साली जन्मलेल्या या गृहस्थाने १९३४ च्या जून महिन्यात जादूगार मँड्रेक आणि १९३६ च्या फेब्रुवारीत फँटम अशी दोन पात्रे वृत्तपत्रांतून लोकांपुढे आणली, व १९९९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्या कथा रचण्याचे काम सोडले नाही. मँड्रेकची चित्रे प्रथम फिल डेव्हिस यांनी काढिली, फँटमची रे मूर यांनी. आपल्याकडील वाचकांच्या मनात वेताळाची जी मूर्ती ठसली आहे ती मात्र बहुतांशी साय बॅरी यांच्या हातची. १९६१ पासून १९९४ पर्यंत त्यांनी ही मालिका रेखाटली. फॉक यांनी आरंभी आपण जगभर हिंडलेले प्रवासी असल्याचे भासविले होते, वस्तुतः त्यांचे जंगल पाहिलेले नसून वाचलेले होते. टारझनच्या व किपलिंगच्या कथांतून ते उगवले. त्यातील 'बांदर' नावाची टोळी किपलिंगच्या बंदर-लोकांवरून आली. आणि किपलिंगचा जन्म तर १८६५ साली आपल्या मुंबईतच झालेला. म्हणजे आपलाच एक शब्द समुद्रापार जाऊन मुखवटा चढवून परत आला!

हिंदुस्थानात फँटम प्रथम 'इलस्ट्रेटेड वीकली'च्या पानांवर दिसला. पुढे मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले, आणि पहिल्या अंकापासून फँटमचे राज्य आरंभिले. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी व अन्य देशी भाषांतून हे अंक निघत, व १९९० पर्यंत ते निघत राहिले. आपल्या वाचकांस खुपेल ते बदलण्याची दक्षता संपादकांनी घेतली. फँटमचे राष्ट्र बंगालशी जुळणाऱ्या नावाचे होते, त्याचे 'डेंकाली' केले. त्याच्या पित्याच्या मारेकऱ्याचे नाव मूळ कथेत 'रामा' होते, त्याचा 'रामालू' झाला. खलपुरुषास ते नाव आपल्या घरोघरी कसे चालले असते?

परंतु सर्वांत मोठे काम मराठी नामकरणाने केले असे आमचे मत आहे. फँटम या शब्दाचा कोशातील अर्थ भूत, पिशाच्च, आभास. यांपैकी काहीही घातले असते तरी मुलांनी तो वीर हसण्यावारी नेला असता. 'वेताळ' हे नाव दिले आणि सर्व जुळून आले. वेताळ पंचविशी आपल्या मुलांस ठाऊक होतीच. त्याहून विशेष म्हणजे कोकणात व गोव्यात वेताळ हा गावचा राखणदार. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबास भक्त केळ्यांच्या घडाबरोबर चामड्याच्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाभोवती फिरतो व त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. नाहूर-भांडुपच्या चाळींत मालवणी घरे थोडी नाहीत. त्या घरांतील आजीस कोणी सांगितले असते की, हा एक वेताळ आहे, तो रात्री-अपरात्री फिरतो, दुष्टांस शासन करतो आणि कधी मरत नाही, तर तिला त्यात नवल ते काय वाटले असते? पिढीमागून पिढी पिता-पुत्र तोच मुखवटा घालतात म्हणून तो अमर भासतो, एवढाच काय तो फॉकचा अधिक शोध.

काही पालकांचा आक्षेप आहे की, असल्या परकीय चित्रकथांनी मुले बिघडतात, आपले विसरतात. हा आक्षेप सर्वस्वी पोकळ नाही. ज्या अनंत पै यांचा इंद्रजालच्या उभारणीत हात होता, त्यांनाच १९६७ साली दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत असे दिसले की, मुलांस ग्रीक देवतांची माहिती आहे, पण श्रीरामाच्या मातेचे नाव सांगता येत नाही. त्यातून 'अमर चित्र कथा' जन्मास आली, आणि तिच्या पानांवर राम वाईरकर, प्रताप मुळीक यांसारख्या मराठी चित्रकारांचे कसब बहरले. पै यांनी चित्रकथा टाकली नाही, तिच्यात दुसरा आशय भरला, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. खुद्द इंद्रजालनेही १९७६ साली 'बहादूर' हा देशी नायक आणला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. (हेच सुरती वृद्धपणी मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ विनामूल्य दुरुस्त करवून देऊ लागले. नायक निर्माण करणाऱ्याने असेच असावे!)

आमचा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. वेताळाच्या कथेत गोरा पुरुष सिंहासनावर बसतो, व अरण्यातील लोक चार शतके त्याच्या आश्रयास राहतात. त्यांच्यातून एकही वेताळ का होऊ नये? आणि माणसांच्या टोळीस वानरांचे नाव का? हा दोष लपविण्यात अर्थ नाही. मुलांनी या कथा वाचाव्यात आणि हा प्रश्नही विचारावा. आमच्या सातवीतील मित्राने तो दुसऱ्याच दिवशी विचारला, हे येथे नमूद करण्यास आम्हांस संतोष वाटतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वेताळाला मराठी शिकविणारे कोण? फॉक, मूर, बॅरी यांची नावे आज शोधली की सापडतात. पण इंग्रजी अक्षरांकरिता आखलेल्या फुग्यांत वेलांट्या, मात्रा, उकार सांभाळून, एकही वाक्य बाहेर सांडू न देता मराठी मजकूर बसविणाऱ्यांची नावे, आम्ही ज्या ज्या जुन्या वाचकांस विचारले त्यांपैकी एकासही सांगता आली नाहीत. बंगालमध्ये टिनटिनचे भाषांतर नीरेंद्रनाथ चक्रवर्ती या थोर कवीने केले, त्याच्या कुत्र्यास 'कुट्टुस' हे नाव दिले, आणि बंगाली वाचक ते अभिमानाने सांगतात. आपल्याकडेही भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, त्यांचे नाव आपण घेतो. मग चित्रकथेच्या भाषांतरकारानेच कोणते पाप केले?

आज आमच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरांत परदेशी चित्रकथा असतात, परंतु त्या इंग्रजीत. घरी मराठी बोलणारा मुलगा साहस मात्र इंग्रजीत वाचतो, आणि त्यास वाटू लागते की मराठी ही परीक्षेपुरती भाषा, धावण्या-लढण्याची नव्हे. त्याच्या वडिलांस मात्र तसे वाटत नसे, कारण त्यांच्या लहानपणी वेताळ मराठीत गर्जत असे. परकीय नायक घरात येणे आम्हांस भयावह वाटत नाही. तो आला आणि त्यास आपली भाषा शिकविणारे कोणी उरले नाही, याची चिंता वाटते.

ते रद्दीतील पुस्तक आम्ही पाच रुपयांस घेतले व शाळेच्या ग्रंथालयात ठेवले आहे. ग्रंथपालांनी त्यास खाकी कागदाचे वेष्टण घातले आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर असे मराठी अंक पडून असतील त्यांनी ते वाचावयास तरी आणून द्यावेत. आणि नाहूर, भांडुप, मुलुंड येथील एखाद्या विद्यार्थ्याचे आजोबा किंवा आजी कोणे एके काळी छापखान्यात बसून त्या फुग्यांत मराठी अक्षरे लिहीत असतील, तर त्यांचे नाव, त्यांची संमती घेऊन, आम्हांस अवश्य कळवावे. पुढील वार्षिकांकात ते ठळक टायपात छापू.