यंत्राला न कळणारे दूध

दुधात पाणी घालू नये, हे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. घातलेच तर संस्थेच्या यंत्रावर ते उघडे पडते. फॅट आणि एसएनएफ घसरते, दर कापला जातो आणि चुकीची किंमत पुढच्याच बिलात मोजावी लागते. आज आपण दुसऱ्या दुधाविषयी बोलू. ते दिसायला पांढरेशुभ्र, चवीला चांगले, फॅटलाही चोख. फक्त ते डेअरीला घालायचे नसते.

गाईला कासदाह होतो, सड सुजतो. डॉक्टर येऊन इंजेक्शन देतात, सडात ट्यूब सोडतात. दोन-तीन दिवसांत सूज उतरते आणि धार पूर्वीसारखी पडू लागते. पण प्रतिजैविक औषध अजून दुधातून उतरतच असते. शेवटच्या मात्रेनंतर किती काळ दूध विकू नये, हे औषधाच्या वेष्टनावर छापलेले असते. औषधागणिक ही मुदत वेगळी असते. ट्यूब एकाच सडात सोडली, तरी औषध रक्तातून पसरते. म्हणून चारही सडांचे दूध बाजूला ठेवावे लागते.

खरी परीक्षा इथेच आहे. गाय दिवसाला दहा लिटर देत असेल आणि मुदत तीन दिवसांची असेल, तर तीस लिटर दूध गेले. उपचाराचे दिवस वेगळेच. डॉक्टरांचे पैसे नुकतेच दिलेले, पेंडीची उधारी डोक्यावर. "एवढ्या मोठ्या टाकीत आपल्या दहा लिटरने काय बिघडणार?" असे मनात येते. पण थेंबे थेंबे तळे साचते, तशीच ती टाकीही भरते. शेजारची चार घरेही हेच म्हणत असतील, तर?

हे दूध उकळले तरी त्यातली बहुतेक औषधे जात नाहीत. ज्याला पेनिसिलीन सोसत नाही, त्याला ते बाधू शकते. थोडे थोडे औषध सतत पोटात गेले, की जंतू त्याला दाद देईनासे होतात. मग तेच औषध माणसालाही लागू पडत नाही आणि जनावरालाही. अशा दुधाला विरजण लावून पाहा, दही धड लागत नाही.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक अशी भेसळ त्यांतल्या फक्त १२ नमुन्यांत निघाली. प्रतिजैविके मात्र ७७ नमुन्यांत मर्यादेबाहेर होती. बहुतेक दूध चांगलेच होते, ही आनंदाची गोष्ट. पण त्या ७७ नमुन्यांमागे मुद्दाम केलेली लबाडी असेलच असे नाही. कोणी मुदत विचारली नसेल, कोणी घरात सांगितली नसेल.

म्हणून काही गोष्टी घरात ठरवून टाकाव्यात. डॉक्टर गोठ्यातून निघण्यापूर्वी विचारावे, "दूध कधीपासून घालू?" ती तारीख कॅलेंडरवर लिहावी. गाईच्या पायाला रंगीत फडके बांधावे, म्हणजे धार सासूने काढो, सुनेने काढो की मुलाने, चूक होणार नाही. त्या गाईची धार शेवटी आणि वेगळ्या भांड्यात काढावी. ते दूध वासरालाही पाजू नये. खड्ड्यात ओतावे, विहिरी-ओढ्यापासून लांब.

तरीही मन डळमळले, तर स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हे दूध मी माझ्या नातवाला देईन का? संस्थेच्या सचिवांना ही गोष्ट उघडपणे सांगू शकेन का? एकाचेही उत्तर 'नाही' आले, तर कॅन उचलू नये.

संस्थांचेही कर्तव्य आहे. जो सभासद आपणहून सांगतो, त्याचेच नुकसान होणार असेल, तर उद्या कोण सांगेल? अशा सभासदाला संस्थेच्या निधीतून थोडी भरपाई देता येईल का, हा विषय वार्षिक सभेत जरूर मांडावा. आणि धार काढण्याआधी कास धुणे, नंतर सड जंतुनाशकात बुडवणे ही सवय घरोघरी लागली, तर कासदाहाची पाळीच कमी येईल.

पाण्याची चोरी यंत्र पकडते. औषधाच्या दुधाची गोष्ट मात्र पहिल्यांदा गोठ्यातल्या माणसालाच ठाऊक असते. शहरातले जे लेकरू ते दूध पिणार, त्याचे नाव-गाव आपल्याला माहीत नाही. त्याच्या वतीने बोलणारे गोठ्यात आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही.