पेट्रोलची धास्ती, हायड्रोजनला मोकळं रान

एअरशिपचे दिवस परत येणार, अशा बातम्या हल्ली अधूनमधून वाचायला मिळतात. पाठोपाठ सल्लाही येतो: हेलियम महाग आहे, हायड्रोजनच भरा. पुरावा म्हणून १९३३च्या ‘अ‍ॅक्रन’कडे बोट दाखवतात. अमेरिकी नौदलाच्या या एअरशिपमध्ये हेलियम होता, तरी ती वादळात समुद्रात कोसळून ७३ माणसं गेली. चार वर्षांनी ‘हिंडेनबर्ग’ हायड्रोजनसकट जळाली, तेव्हा ३६. मग हेलियमनं वाचवलं काय?

‘अ‍ॅक्रन’ची माणसं बुडून आणि गारठून मेली, तिच्यावर लाइफ जॅकेटं जवळजवळ नव्हतीच. १९३५ मध्ये ‘मेकन’ही हेलियमसकट समुद्रात पडली. या खेपेला जॅकेटं होती, तराफे होते. ८३ पैकी ८१ जण वाचले.

आता हायड्रोजनवाली ‘आर-१०१’ घ्या. ब्रिटिशांची ही एअरशिप कराचीला निघाली होती. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. तिथं तिच्यासाठी अवाढव्य हँगर बांधून तयार होतं. इकडच्या उन्हात पेट्रोलची वाफ पेटेल, या धास्तीनं तिला डिझेल इंजिनं बसवली. ती निघाली जड. एकूण वजन इतकं वाढलं, की शेवटी एअरशिप मधोमध कापून गॅसची आणखी एक पिशवी घालावी लागली. इतकी खबरदारी घेणाऱ्यांनी पिशव्यांत भरला मात्र दीड लाख घनमीटरहून जास्त हायड्रोजन! ५ ऑक्टोबर १९३०च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ती टेकडीला टेकली. आदळली तेव्हा वेग फार नव्हता. पण आग लागली आणि ५४ पैकी ४८ जण गेले, त्यात खुद्द ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन.

म्हणजे एअरशिप पडते हवामानामुळे, घाईमुळे. पडल्यावर माणसं बाहेर येणार की नाही, ते गॅसवर ठरतं. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन पेटतो. हेलियम पेटतच नाही.

मी रसायनशास्त्र शिकवत असे. हायड्रोजन हेलियमच्या निम्म्या वजनाचा, म्हणून दुप्पट भार उचलतो, असं मुलं हमखास लिहीत. मोठी माणसंही तेच धरून चालतात. प्रत्यक्षात दोघांची तुलना हवेच्या वजनाशी करायची असते, आणि फरक निघतो जेमतेम आठ टक्के.

आत चालक नसेल, मार्ग वस्तीवरून जात नसेल, तर माल नेणाऱ्या एअरशिपमध्ये खुशाल हायड्रोजन भरा. तिकीट काढून माणसं बसवणार असाल, तर ते आठ टक्के सोडा आणि हेलियमचा खर्च तिकिटात धरा.