मामूंचा गळ



या महिन्यात आम्ही मुलांच्या परीक्षांविषयी लिहिणार होतो. पण मागच्या महिन्यात तारापूरचे आमचे थोरले मामू अल्लाहला प्यारे झाले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. तेव्हापासून लेखणी दुसऱ्या विषयाकडे वळेना. म्हणून आज परीक्षा बाजूला ठेवतो.

मामू मोठे आलिम नव्हते, पुढारी नव्हते. बोईसरला कारखान्यात तीस वर्षं पाळीनं काम केलं. रात्रपाळी संपली की फज्र पढून लोक घरी झोपायला जात, मामू सायकल खाडीकडे वळवत. बांबूची काठी, तंगूस, दोन-चार गऱ्या आणि डब्यात आमिषाची कोळंबी, एवढाच सरंजाम. बोय, शिंगाळा, नशीब जोरावर असेल तर एखादा जिताडा.

त्यांच्याकडे भरती-ओहोटीचं छापील कोष्टक नव्हतं. हिजरी तारीख पाठ असे. तारखेत एक मिळवला की साधारण तिथी येते आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा कोळी शेजाऱ्यांनी शिकवलेला हिशेब. आज चाँदची तीन तारीख, म्हणजे चतुर्थी, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. पौर्णिमा उलटली की मोजणी पुन्हा एकपासून. एखादा दिवस इकडेतिकडे होई, पण पाणी बहुधा मामूंना खोटं पाडत नसे. आम्ही आज वर्गात पाऊणकी शिकवतो ती याच उदाहरणानं.

त्यांचे नियम ठरलेले. घरात खाणारी तोंडं जितकी, तितकेच मासे. एक शेजारच्या म्हातारीला. वीतभर नसलेला मासा गरीतून हलक्या हातानं सोडवून परत पाण्यात. "याची अजून शाळा संपली नाही," असं म्हणत. पावसाच्या तोंडावर मासळी अंड्यावर येते, तेव्हा काठी माळ्यावर जाई. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची सरकारी मासेमारी बंदी यांत्रिक नौकांसाठी असते. काठी घेऊन बसणाऱ्याला कोण अडवणार? मामू स्वतःच अडत. २०२३ मध्ये सरंगा, म्हणजे आपला पापलेट, महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. सरंग्यासाठी १३५ मिलीमीटर. आम्ही ती बातमी वाचून दाखवली तेव्हा मामू एवढंच म्हणाले, "उशिरा का होईना, शहाणपण आलं."

खरं सांगायचं तर आम्हाला त्यांचा हा नाद पटत नसे. नवी नवी बी.एड. झालेली, उपदेशाची हौस दांडगी. एकदा बोलून गेलो, "मामू, एवढ्या वेळात ओव्हरटाइम केला असता तर घराला दुसरा मजला चढला असता." मुमानींनी डोळे वटारले. मामू रागावले नाहीत. गरीची गाठ सोडवत म्हणाले, "बेटा, तुला वाटतं मी मासे आणायला जातो. कारखान्यात साहेबाचं ऐकून घेतो, मशीनचा आवाज ऐकून घेतो. तो सगळा राग मी खाडीत सोडून येतो. म्हणून दारात येताना माझा चेहरा हसरा असतो."

त्यांच्या तिन्ही मुली सांगतात, अब्बांनी आयुष्यात आवाज चढवला नाही. त्याचं कारण आम्हाला त्या दिवशी कळलं.

सालिम अली साहेबांची गोष्ट मामूंना फार आवडे. मुंबईत १८९६ मध्ये जन्मलेला हा मुलगा छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचा. एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ती खाणं जायज आहे का, अशी शंका आली. ती घेऊन तो मामांकडे, अमिरुद्दीन तय्यबजींकडे गेला. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे धाडलं. तिथून देशाला पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार मिळाला. मामू हसून म्हणत, "बघ, तिथंही मामूच कामाला आला."

कुरआन समुद्राची शिकार हलाल ठरवतो (सूरह माइदा, ९६). तोच कुरआन सांगतो की जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे जीव हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत (सूरह अनआम, ३८). मामूंनी दोन्ही गोष्टी एकाच हातात धरल्या. खाण्यापुरतं घ्यायचं आणि घेताना समोरचा जीव आहे हे विसरायचं नाही.

शेवटच्या वर्षांत खाडीच्या पाण्याचा रंग बदलला. माशाला रॉकेलसारखा वास येऊ लागला. मामूंनी मासे घरी आणणं सोडलं, पण जाणं सोडलं नाही. गरी न लावता काठी घेऊन बसत. बगळे मोजत. घरी येऊन सांगत, "आज अकरा होते." मागच्या हिवाळ्यात म्हणाले, "आज चार." त्या दिवशी जेवले नाहीत.

जनाज्याच्या दिवशी एक प्रसंग घडला. अंगणाबाहेर एक लंगडा कुत्रा असे. माशांची डोकी आणि भाकरी त्याला मामूच घालत. त्या गर्दीत तो फाटकाशी येऊन बसला. एका नातेवाइकानं दगड उचलला. आतून मुमानींचा आवाज आला, "त्याला मारू नका. त्याची थाळी चालूच राहील." इद्दतीला बसलेल्या त्या बाईंचं हे पहिलं फर्मान. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून मोज्यातून पाणी पाजणाऱ्या माणसाला अल्लाहनं माफ केलं, ही हदीस आम्ही दर वर्षी मुलांना शिकवतो. त्या दिवशी ती आम्हाला कुणीतरी शिकवली. दगड खाली पडला.

मामूंची काठी आता त्यांच्या दहा वर्षांच्या नातवाकडे आहे. परवा तो विचारत होता, खाडीत मासे नसतील तर काठीचं काय करायचं? आमच्याकडे चटकन उत्तर नव्हतं. शेवटी म्हणालो, "आधी बगळे मोजू. वहीत तारीख घालून लिहू. कमी झाले तर का झाले, ते मोठ्यांना विचारू, ग्रामपंचायतीतही विचारू." पहिल्या रविवारी सहा भरले. वहीत हिजरी तारीखही लिहिली आहे, कारण भरतीचा हिशेब त्यालाही शिकायचा आहे.

वाचकहो, तुमच्याही घरात असा एखादा माणूस असेल, ज्याचा नाद आपण वेळेचा अपव्यय समजतो. तो हयात असेल तोवर एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा. अल्लाह आमच्या मामूंची मगफिरत करो आणि मुमानींना सब्र देवो. आमीन.