दहा लाखांत एक म्हणजे किती?

माझं गाव सिल्लोड. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला निघालं की वाटेत लागतं ते. २०११ च्या जनगणनेत आमच्या तालुक्याची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती.

आता एक हिशेब करू. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली एक छोटी ग्रंथी असते, ॲड्रिनल. तिच्या बाहेरच्या थराचा कॅन्सर दर दहा लाखांत वर्षाला एक-दोघांना होतो. म्हणजे अख्ख्या सिल्लोड तालुक्यात दोन-तीन वर्षांतून एखादा पेशंट. मग एवढ्याशासाठी जनुकं वाचायचा खर्च कशाला?

माझं म्हणणं उलट आहे. दुर्मिळ आहे म्हणूनच वाचायला हवीत. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. क्वचित येणारा बग एका मशीनच्या लॉगमधे सापडत नाही, शंभर ठिकाणचे लॉग एकत्र करावे लागतात. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलासनं हेच केलं. अनेक देशांतून गाठी जमवल्या, किती? फक्त ९१! २०१६ साली निष्कर्ष आले. या गाठींचे तीन गट पडतात आणि प्रत्येक गटातल्या पेशंटचं पुढचं भवितव्य वेगळं, हे त्यातून कळलं.

दुसरं उदाहरण दक्षिण ब्राझीलचं. तिथे लहान मुलांमधे हा कॅन्सर इतर जगाच्या दहापटीहून जास्त. २००१ साली ३६ मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ३५ जणांच्या टीपी५३ या जनुकात नेमका एकच बदल, तोही आनुवंशिक! पुढे पराना राज्यात पावणेदोन लाखांच्या आसपास नवजात बाळं तपासली. ज्यांच्यात बदल सापडला त्यांच्यावर लक्ष ठेवलं, म्हणून काहींची गाठ लहान असतानाच हाती लागली.

आपल्याकडे जीनोमइंडियानं दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती जानेवारी २०२५ मधे संशोधकांसाठी खुली केली. उत्तमच झालं. पण ती निरोगी माणसांची. आता दुर्मिळ गाठींकडे वळायला हवं. जिथे ऑपरेशन होईल तिथे पेशंटची परवानगी घेऊन नमुना जपावा, वाचावा आणि माहिती एका ठिकाणी ठेवावी.

"पोरीच्या रक्तात दोष निघाला" असं गावात पसरलं तर तिचं लग्न कसं जमणार? ही भीती खोटी नाही. म्हणून नावं वेगळी आणि कुलूपबंद हवीत, सगळं मराठीतून नीट समजावणारं माणूस हवं, आणि तपासणीचा निर्णय घरच्यांचाच हवा. पण न तपासल्यानं तो बदल कुठे जात नाही. लहान मुलाला हा कॅन्सर झाला तर तो आनुवंशिक असण्याची शक्यता बरीच असते. त्याच्या पाठच्या भावंडांचं काय?

आणि हो, तो हिशेब पुरा करतो. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ सालीच ११ कोटींवर होती. दहा लाखांत एक धरला तरी वर्षाला शंभरावर पेशंट. म्हणजे तिकडे अनेक देश मिळून जेवढ्या गाठी जमल्या, त्याहून जास्त पेशंट आपल्या एका राज्यात, एका वर्षात.

याला दुर्मिळ म्हणायचं का? तुम्हीच सांगा.