मानपानाचे खाते आणि कुळाची जमीन

1874 च्या पांगकोर तहाने इंग्रजांनी मलय द्वीपकल्पातील पेराक संस्थानात आपला रेसिडेंट बसविला. सुलतानाने त्याचा सल्ला घ्यावा व पाळावा, अपवाद केवळ मलय धर्म आणि रूढी यांचा, असे त्यात ठरले. महसूल साहेबाच्या हाती गेला. सुलतानाकडे दरबारी इतमाम, किताब आणि मशिदींचा कारभार उरला. पुढे 1957 साली स्वतंत्र झालेल्या मलायाच्या राज्यघटनेनेही संस्थानांतील इस्लामचे प्रमुखपद सुलतानांकडेच ठेवले. ज्याची सत्ता काढून घ्यावयाची त्याला मानपान ठेवू द्यावा, हा साम्राज्यशाहीचा जुना हिशेब आहे.

तेरणाकाठच्या तेर गावाला ही कथा परकी वाटू नये. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते. सार्वभौमत्व ब्रिटिश सत्तेचे आहे, हे लॉर्ड रीडिंगने 1926 साली निजामाला रोखठोक कळविले. पण 'जंग' आणि 'दौला' हे किताब वाटण्यास कोणाची आडकाठी नव्हती. मशिदी, दर्गे व देवळे यांच्यावर देखरेख करणारे 'उमूर-ए-मजहबी' हे स्वतंत्र खाते होते, आणि नवे देऊळ बांधण्यासही सरकारी परवानगी लागे. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नावही मीर उस्मान अली खानाच्या गौरवार्थच पडले होते.

हे सारे एका फटक्यात संपले, असा समज भाबडा आहे. 1949 साली जहागिऱ्या गेल्या. 1950 साली राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब गेले. पण तोच निजाम 1956 पर्यंत राजप्रमुख म्हणून मिरवला, आणि संस्थानिकांचे तनखे बंद होण्यास 1971 ची घटनादुरुस्ती लागली. 2023 साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पाटीवरचे नाव बदलले. सातबाऱ्यावरचा पेच तसाच राहिला.

खरा प्रश्न तेथेच आहे. मराठवाड्यात मदतमाश आणि खिदमतमाश हे शब्द अद्याप जिवंत आहेत. पहिली जमीन व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली, दुसरी देवळाच्या, मशिदीच्या वा दर्ग्याच्या सेवेसाठी. 1954 च्या कायद्याने इनामे रद्द झाली, तरी धार्मिक सेवेच्या जमिनी वेगळ्या ठेवण्यात आल्या. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला त्याचे नाव मालकीच्या रकान्यात नाही. ज्याने सेवा केली नाही त्याचा हक्क मात्र कागदावर अबाधित आहे. वक्फचे कायदे 1954, 1995 आणि 2025 साली झाले व बदलले. वाद झडला तो मंडळावर कोण बसणार याचा. कसणाऱ्याचा विचार शेवटी.

शासनाने अंग काढून घेतले तर पुजारी आणि मुतवल्ली सारे गिळंकृत करतील, हा आक्षेप खोटा नाही. तुळजापूरच्या देवस्थानाच्या कारभारावर जिल्हाधिकारी असतो, यामागेही हीच भीती आहे. परंतु हिशेब तपासणे निराळे आणि मानाची पूजा करणे निराळे. शासनाने दानपेटी मोजावी, जमीन मोजावी, विक्रीचे बेकायदा व्यवहार मोडावेत आणि कुळाला कायद्याचे संरक्षण द्यावे. देवळाला एक न्याय आणि दर्ग्याला दुसरा, असे मात्र होता कामा नये. पहिला मान कोणाचा हे ठरविण्याचे काम लोकशाहीतील कलेक्टरचे वा मंत्र्याचे नव्हे. सरकारी इतमामाने होणारी पूजा ही दरबाराचीच आठवण आहे. केवळ पोशाख बदलला आहे.

तेर ही गोरोबा काकांची भूमी. संतमेळ्यात त्यांनी थापटणे हाती घेऊन एकेकाचे मडके तपासले आणि प्रत्यक्ष नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा तेथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. कुंभाराने मान पाहिला नाही, भाजणी पाहिली. आपल्या प्रजासत्ताकावर तेच थापटणे आज पडले, तर नाद पक्क्या मडक्याचा येईल काय?